मोहाचं फूल आणि गावाची सभा

बोरिवलीच्या नॅशनल पार्कात तुम्ही एकदा तरी गेला असाल. कान्हेरीच्या लेण्यांत मोठ्याने ओरडून स्वतःचाच आवाज परत ऐकला असेल. पण या जंगलात मोहाची झाडं आहेत, ती कुणी दाखवली का? मार्च-एप्रिलमध्ये हे झाड जवळजवळ निष्पर्ण होतं आणि मग त्याच्या फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस लागतात. रात्री फुलं उमलतात, वटवाघळं त्यांच्यावर ताव मारतात आणि पहाटे फुलांचा सडा पडतो. पिवळसर, गुबगुबीत आणि गोड. अगदी मनुक्यासारखी गोड!

वारली, कातकरी, गोंड, भिल्ल, महाराष्ट्रातल्या कुठल्याही आदिवासी गावात विचारा. मोह म्हणजे घरची बेगमी. फुलं वाळवून ठेवायची, पावसाळ्यात कणगी रिकामी झाली की शिजवून खायची, भाकरीत घालायची. बियांचं तेल काढायचं. आणि हो, याच फुलांची दारूही होते. देवाला वाहायला, लग्नाला, मयताच्या विधीला ती लागते. हे तुमच्यापासून लपवून ठेवण्यात काही अर्थ नाही, कारण आजची गोष्ट दारूचीच आहे. पण ती बहुधा तुम्हांला वाटते तशी नाही.

आपल्याकडे एक समज फार पक्का बसला आहे. 'आदिवासी ना, ते पिणारच!' असं मोठी माणसंसुद्धा सहज बोलून जातात. मग त्यांना 'सुधारायला' शहरातून कुणीतरी जायचं, भाषण ठोकायचं आणि परत यायचं. प्रत्यक्षात काय झालं ते सांगतो.

जोपर्यंत मोहाची दारू घरातच सणावाराला गाळली जायची, तोपर्यंत ती रोज मिळायची नाही. फुलं मोजकी, कष्ट फार आणि हंगाम ठरलेला. मग इंग्रज सरकारचं लक्ष तिकडे गेलं. 1878 सालच्या आबकारी कायद्याने मुंबई इलाख्यात घरी दारू गाळणं गुन्हा ठरलं. दारू सरकारी देखरेखीखाली कारखान्यात होणार, मक्तेदार ती दुकानात विकणार आणि कर सरकारच्या तिजोरीत जाणार. 1892 मध्ये तर खास मोहाच्या फुलांसाठी कायदा आला! ठाणे आणि कुलाबा भागांत ही फुलं गोळा करून साठवणंच अवघड झालं. तेव्हा बोरिवली आणि मुलुंड ठाणे जिल्ह्यातच होती, बरं का. म्हणजे ज्या झाडाचं फूल आजी पदरात वेचून आणायची, ते घरात ठेवायचीही चोरी. दारू मात्र दुकानात बारा महिने हजर, आणि तीही उधारीवर. उधारी फिटली नाही की जमीन जायची नाहीतर सावकाराच्या शेतावर राबावं लागायचं. सणाची वस्तू रोजची झाली ती अशी.

सलाबाईचा हुकूम

यावर पहिला मोठा उपाय कुणी काढला? सरकारने नाही, आणि शहरातल्या पुढाऱ्यांनीही नाही. तो निघाला पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांतून. आज बोरिवलीहून डहाणू लोकल पकडली की वाटेत जी स्टेशनं लागतात ना, तोच हा मुलूख. 1922 च्या सुमाराला तिथे देवीची एक लाट उठली. देवीचं नाव सलाबाई. ही देवी कुणाच्याही अंगात यायची आणि हुकूम सोडायची. पाहता पाहता ती किनारा सोडून डोंगराकडे निघाली. वारली, कोकणा, धोडिया, चौधरी, गामीत अशा जमातींत, एका गावातून दुसऱ्या गावात करत ती थेट दक्षिण गुजरातेत सुरतेपर्यंत पोचली.

डोळ्यांसमोर आणून पाहा. पानांचा मांडव घातलाय. शेकडो, कधी हजारो माणसं जमिनीवर बसली आहेत. मध्यभागी काहीजण हातात लाल फडकं घेऊन घुमताहेत आणि त्या फडक्यावर जणू अक्षरं लिहिलेली आहेत अशा थाटात देवीचं म्हणणं सांगताहेत. दारू सोडा. ताडी सोडा. मांस-मासे खाऊ नका. रोज अंघोळ करा. दारूच्या दुकानदाराकडे कामाला जाऊ नका. या शेवटच्या हुकमाकडे नीट लक्ष द्या. नुसती दारू सोडून भागणार नाही, दारूमुळे मानेवर बसलेला मालकही झुगारायला हवा, हे त्या माणसांनी स्वतःच ओळखलं होतं. शाळेत न गेलेल्या माणसांनी!

डेव्हिड हार्डीमन नावाच्या इतिहासकाराने त्या भागांत हिंडून आणि जुनी दप्तरं चाळून या देवीवर अख्खं पुस्तक लिहिलं आहे. त्यातून कळतं की ही शपथ सगळीकडे सारखी टिकली नाही. कुठे वर्ष-दोन वर्षांत सैल पडली, तर कुठे बरीच वर्षं चालली. आता तुम्ही विचाराल, अंगात येणं वगैरे आपण मानायचं का? मानू नका. पण गावाने एकत्र बसून घेतलेली शपथ एकट्याने घेतलेल्या शपथेपेक्षा वेगळी असते, हे तरी मानाल? एकट्याने दारू सोडली तर संध्याकाळी दोस्त हाक मारतात, 'चल रे, एक घोट!' सगळ्या गावाने सोडली तर हाक मारायला उरतो कोण?

पुढे स्वातंत्र्य मिळालं. 1949 मध्ये तेव्हाच्या मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. पण तो वरून आला होता. त्यामुळे दुकानं बंद झाली आणि हातभट्ट्या पेटल्या. हातभट्टीचं भूत नंतर बंदी सैल झाल्यावरही गेलं नाही. 2004 च्या डिसेंबरात विक्रोळीत विषारी दारूने ऐंशीहून अधिक माणसं दगावली. 2015 च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक. दारूत मिथेनॉल म्हणजे कारखान्यात वापरतात तो विषारी अल्कोहोल मिसळलेला होता. तो डोळे घालवतो आणि जीवही घेतो. ही दोन्ही ठिकाणं जंगलातली नाहीत, तुमच्या-माझ्या उपनगरांतली आहेत. मेलेले बहुतेकजण मजुरी करणारे होते. तेव्हा 'आदिवासी ना, ते पिणारच' म्हणणाऱ्या काकांना ही दोन नावं जरूर ऐकवा.

पांढऱ्या कपड्यांची भीती

आता आपण जाऊ महाराष्ट्राच्या अगदी दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीला. दादरहून गाडीत बसलात तर नागपूर यायलाच एक रात्र जाते आणि तिथून पुढे एसटीने चार-पाच तास. जिल्हा 1982 मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाला. तीन-चतुर्थांशाच्या आसपास जंगल, गोंड आणि माडिया लोकांची वस्ती, पावसाळ्यात नाले भरले की कित्येक गावं तुटतात.

तिथे 1986 पासून डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दोघे काम करू लागले. त्यांच्या संस्थेचं नाव 'सर्च'. दोघंही अमेरिकेत शिकून आलेले. पण त्यांनी पहिलं काम काय केलं असेल? लोकांना विचारलं. सरकारी दवाखाना असताना तुम्ही तिथे का जात नाही? उत्तरं ऐकण्यासारखी होती. इमारत एवढी मोठी की आत हरवायला होतं. नातेवाइकांना बाहेर काढतात. आणि डॉक्टर-नर्सचे कपडे पांढरे! आमच्यात मेलेल्या माणसाला पांढऱ्या कपड्यात गुंडाळतात. ज्यांनी स्वतःच ते कपडे घातलेत, ते आम्हांला काय वाचवणार?

मग लोकांनी सांगितलं तसा दवाखाना बांधला गेला. झोपड्यांसारख्या खोल्या, रोग्याबरोबर नातेवाइकांना राहायला जागा, आणि नाव दिलं गोंडांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी. आजही तो शोधग्राममध्ये आहे.

विचारायची ही सवय असल्यामुळेच दारूचा प्रश्न पुढे आला. तुमच्या गावात सगळ्यांत मोठा त्रास कशाचा, असं विचारल्यावर बायका सांगू लागल्या, दारूचा. घरी मार, पोरं उपाशी, मजुरीचा पैसा घरात येण्याआधीच संपलेला. हिशेब मांडला तेव्हा दिसलं की जिल्ह्याच्या विकासावर सरकार वर्षाला जेवढं खर्च करतं, त्याहून जास्त पैसा दारूत जातो. म्हणजे एका हाताने द्यायचं आणि दारूच्या दुकानातून दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं.

याच जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा नावाचं गोंडांचं छोटं गाव आहे. शेजारच्या लेखा गावामुळे त्याला मेंढा-लेखा म्हणतात. देवाजी तोफा हे तिथले पुढारी आणि मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांचे मित्र होते. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही या गावाची घोषणा तुम्ही कुठे तरी वाचली असेल. ती नुसती भिंतीवर लिहायची घोषणा नव्हे. इथे मतदान करून निर्णय होत नाही. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या सभेत, पुन्हा त्याच्या पुढच्या सभेत. सगळे 'हो' म्हणेपर्यंत बोलत राहायचं! तुमच्या वर्गात सहलीचं ठिकाण असं ठरवून पाहा, म्हणजे कळेल किती चिकाटी लागते ते.

दारूचा निर्णय मेंढ्याने असाच घेतला. समजा, अशा सभेत तुम्ही बसला आहात. एकजण विचारतो, देवाला काय वाहायचं? दुसरी म्हणते, विकणं थांबवू, मग पिणंही कमी होईल. तिसरा गप्पच, कारण तो स्वतःच गाळून विकतो. त्याचं पोट कशावर भरणार? हे प्रश्न टाळून केलेला ठराव दुसऱ्या दिवशीच मोडतो. म्हणून बोलायला वेळ लागतो. मला विचाराल तर मेंढ्याचा खरा चमत्कार दारू सोडण्यात नाही, इतका वेळ एकमेकांचं ऐकून घेण्यात आहे. एकदा ही सवय लागली की ती दुसऱ्या कामालाही येते. याच गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी पहिल्या-पहिल्यांत.

तिकडे जिल्हाभर गावागावांतून दारूमुक्तीचे ठराव होऊ लागले. बायका पुढे, तरुण मंडळं मागे, डॉक्टर सोबतीला. कायदा येण्याआधीच अनेक गावांनी आपापली दारू बंद केली होती. शेवटी 1993 मध्ये सरकारने पूर्ण गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी लागू केली. आधी गाव आणि मग कायदा, असा हा उलटा प्रवास. ती बंदी आजही आहे.

म्हणजे प्रश्न सुटला? छे! बंदी झाली तरी बाहेरून चोरटी दारू येतच राहिली, काही ठिकाणी मोहाच्या भट्ट्या पुन्हा लागल्या. शिवाय दुसरा एक शत्रू गुपचूप घरात शिरला, खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून करतात तो खर्रा. विदर्भात पानठेल्यावर जा, दिसेलच. तुमच्या नाक्यावरच्या टपरीवरचा मावा त्याचाच भाऊ. दारू निदान वास तरी मारते, खर्रा कळतही नाही. शाळकरी मुलंसुद्धा गालात धरून बसतात. तोंड हळूहळू कमी उघडायला लागतं, पुढे कर्करोगापर्यंत मजल जाते.

म्हणून 2016 मध्ये 'मुक्तिपथ' सुरू झालं. सर्च, महाराष्ट्र सरकार आणि टाटा ट्रस्ट या तिघांनी मिळून. गावात संघटना उभी करायची, ग्रामसभेत ठराव करायचा, दारू विकणाऱ्याला आधी समजावायचं. ऐकलं नाही तर गावकऱ्यांनी एकत्र जाऊन भट्टी आणि मोहसडवा, म्हणजे दारूसाठी कुजत घातलेली फुलं, नष्ट करायची. मारझोड मात्र करायची नाही. याला ते 'अहिंसक कृती' म्हणतात. पोलिसांनी आपलं काम करायचं ते आहेच. आणि ज्याला व्यसन लागलं आहे त्याच्यासाठी तालुक्याला उपचाराचं क्लिनिक, गावात शिबिर.

हा शेवटचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. का ते सांगतो. रोज पिणाऱ्याच्या मेंदूला दारूची सवय झालेली असते. दारू आहे असं धरूनच तो आपला तोल सांभाळतो. ती एकदम बंद झाली की तोल जातो. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, काहींना फिट येते, काहींना नसलेली माणसं दिसू लागतात. यात जीवही जाऊ शकतो. म्हणजे गावाने बंदी केली आणि पिणाऱ्याला वाऱ्यावर सोडलं, तर ती बंदी त्याच्या जिवावर बेतेल. अशा वेळी डॉक्टर हवाच. औषधाने थरथर थांबते. पण महिनाभराने मन पुन्हा ओढ घेतं, तेव्हा डॉक्टर शेजारी नसतो. शेजारी गाव असतं.

2021 मध्ये शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातली दारूबंदी सहा वर्षांनी उठवण्यात आली. गडचिरोलीतलीही उठणार का, अशी चर्चा त्या काळात सुरू झाली तेव्हा शेकडो गावांनी 'आमची बंदी राहू द्या' असं लिहून कळवलं. त्याच वर्षी मोहाची फुलं गोळा करण्यावरची आणि साठवण्यावरची जुनी बंधनं मात्र सरकारने उठवली, आणि हे चांगलंच झालं. झाडाचा काय दोष?

दूर वाळवंटात

अशीच गोष्ट सात समुद्रांपलीकडेही घडली आहे. ऑस्ट्रेलियाच्या मधोमध लाल मातीचं वाळवंट आहे. तिथे युएन्डुमू नावाच्या गावात वार्लपिरी लोक राहतात. हे तिथले मूळ रहिवासी, आपल्याकडच्या आदिवासींसारखेच. 1990 च्या दशकात तिथली मुलं पेट्रोल हुंगायला लागली. हो, गाडीत घालतात ते पेट्रोल! त्याने नशा चढते आणि मेंदू कायमचा अधू होतो. आपल्या रेल्वे स्टेशनांवर काही मुलं रुमालात व्हाइटनर घेऊन हुंगतात ना, तसलाच प्रकार.

1994 मध्ये गावातल्या वडीलधाऱ्यांनी उपाय काढला. पेगी नंपिजिन्पा ब्राउन नावाच्या आजी आणि त्यांचे पती जॉनी मिलर यांनी मुलांना माउंट थिओ नावाच्या आपल्या पूर्वजांच्या जागी न्यायला सुरुवात केली. गावापासून दीडशेएक किलोमीटर दूर, जिथून पेट्रोलपर्यंत पायी जाणं शक्यच नाही. तिथे ना कुलूप, ना छडी. म्हातारी माणसं मुलांना शिकार शिकवायची, जनावरांचे माग काढायला शिकवायची, जुन्या गोष्टी सांगायची. इकडे गावातही रोज संध्याकाळी बास्केटबॉल, नाच, काही ना काही चालू ठेवलं, कारण कंटाळा आला की मुलं पुन्हा पेट्रोलकडे वळतात हे आजीला पक्कं ठाऊक होतं. काही वर्षांत गावातलं हुंगणं जवळजवळ थांबलं. पुढे 2005 पासून त्या भागात नशा न चढणारं वेगळं पेट्रोल मिळू लागलं, त्याचाही मोठा उपयोग झाला. 2007 मध्ये आजी-आजोबांना देशाचा सन्मान मिळाला. वार्लपिरी आजीने धानोऱ्याचं नावही ऐकलं नसेल, पण मेंढ्याच्या सभेत ती सहज मिसळून गेली असती.

आणि अंधेरी-घाटकोपरात?

तुमच्याकडे ग्रामसभा नाही. सोसायटीची सभा असते, तीत पार्किंगवरून भांडणं होतात. तरी मुंबईतही माणसं जमतात. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे 'एए', या नावाने दारू सोडलेली आणि सोडू पाहणारी माणसं उपनगरांत शाळेच्या नाहीतर चर्चच्या एखाद्या खोलीत संध्याकाळी भेटतात. गोल बसतात आणि आपापली कहाणी सांगतात. फी नाही, भाषण नाही. गाव नसलेल्यांनी तयार केलेलं छोटं गावच ते.

आता एक गोष्ट खास तुमच्यापैकी काहीजणांसाठी. ज्यांच्या घरी रात्री जिन्यात पावलं वाजली की पोटात गोळा येतो, त्यांच्यासाठी. बाबा पितात ते तुमच्या मार्कांमुळे नाही, तुम्ही उलट बोललात म्हणूनही नाही. त्यांच्या बाटल्या ओतून द्यायची किंवा त्यांना सुधारायची जबाबदारी तुमची नाही. बाटली लपवून काही होत नाही, उलट त्या रात्री मारच बसायचा. पण कुणाला तरी सांगा. मावशीला, बाईंना, शेजारच्या आजींना, ज्यांच्यावर विश्वास असेल त्यांना. घरात मारहाण होत असेल, भीती वाटत असेल तर 1098 हा नंबर मुलांसाठीच आहे, रात्री-अपरात्रीही फुकट लागतो. ही सेवा 1996 मध्ये आपल्या मुंबईतच सुरू झाली. व्यसनाबद्दल विचारायचं असेल तर 14446, आणि मन फार खचलं असेल तर 14416.

एएसारखाच एक गट पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असतो, त्याचं नाव अल-अनॉन. आणि त्यातच तेरा ते एकोणीस वर्षांच्या मुलांसाठी वेगळा, अलाटीन. तिथे फक्त पहिलं नाव सांगायचं. आडनाव, शाळा, पत्ता काही विचारत नाहीत. पहिल्या दिवशी काहीच बोलला नाहीत, नुसतं कोपऱ्यात बसून ऐकलंत, तरी चालतं.